अंगणातली जीप आणि आपली सही

गाडी घ्यायची ठरली की घरातल्या बाईला एकच प्रश्न विचारतात, ‘रंग कुठला घेऊ या?’ बाकी सगळं पुरुषमंडळी आपसांत ठरवून आलेली असतात. आणि जुनी गाडी उघडून नवी करायची ठरली, की हा रंगाचा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नाही! एका रविवारी अंगणात ताडपत्री अंथरली जाते, पाने-पकडींची पेटी येते, दोन मित्र येतात आणि आत हाक येते, ‘चार कप चहा टाक गं.’ त्यानंतर सहा महिने, कधी दोन वर्षं, ते अंगण आपलं राहत नाही.

मैत्रिणींनो, आज मला या अंगणातल्या गाडीविषयीच बोलायचं आहे. विषय सखीच्या पानावरचा नाही असं वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, मग सांगा.

आपल्या तालुक्याच्या गावांमधून सध्या एक नवी हौस दिसते. आजोबांची किंवा वडिलांची जुनी जीप गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं उभी असते. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. मग घरातला तरुण मुलगा मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतो. तिथे कुणीतरी आपल्या घरच्या गॅरेजमध्ये 1950 च्या आसपासचा शेवरोलेचा गोलमटोल पिकअप ट्रक उभा केलेला असतो. त्याचं मूळचं सहा सिलिंडरचं नव्वदेक अश्वशक्तीचं इंजिन काढून तो त्यात 1997 नंतरच्या पिढीचं आठ सिलिंडरचं ‘एलएस’ इंजिन बसवतो, तीनशेहून जास्त अश्वशक्तीचं. वरून ट्रक आजोबांच्या काळातला आणि बॉनेटखाली आजचं यंत्र. बघायला छान वाटतं, खोटं कशाला बोलू? मीही भाच्याशेजारी बसून असे दोन-तीन व्हिडिओ पाहिले आहेत. गंजलेल्या सांगाड्यातून हळूहळू चकचकीत गाडी उभी राहते, तेव्हा जुनी पैठणी उजवून निघाल्यासारखं वाटतं.

मग मुलाच्या डोक्यात येतं, आपल्या जीपमध्येही नवं डिझेल इंजिन टाकू. या कल्पनेला आपल्याकडे इतिहासही आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आपल्या खेड्यापाड्यांत पोचलेल्या उंच बॉनेटच्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचं पेट्रोल इंजिन होतं. ते इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. ते पेट्रोल भरपूर प्यायचं. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं, तेव्हा शेतकऱ्याला ही जीप परवडेना. कंपनीनेच पुढे जीपमध्ये डिझेल इंजिनं दिली, त्यातलं प्यूजोचं इंजिन आमच्या पिढीने पाहिलेलं आहे. गावोगावच्या मिस्त्रींनीही जुन्या जीपांची इंजिनं बदलली. त्यामुळे ‘इंजिन काय, कुणीही बदलतो’ असं आपल्याकडे पुरुष सहज बोलून जातात.

पण आजचं इंजिन त्या काळच्या इंजिनासारखं नाही. इथे मी जे समजून घेतलं ते सोप्या भाषेत सांगते, कारण हे आपल्याला कळतच नाही असं धरून चालतात.

इंजिन म्हणजे मिक्सरचं भांडं नव्हे, एक काढलं आणि दुसरं लावलं. नवं इंजिन ज्या पायांवर बसतं ते माउंट जुन्या चासीवर नसतात, ते कापून-जोडून बनवावे लागतात. जुना गिअरबॉक्स आणि नवं इंजिन यांची तोंडं जुळत नाहीत, म्हणून लेथवाल्याकडून मधली प्लेट करून घ्यावी लागते. ती केसभर तिरकी झाली तरी क्लच आणि बेअरिंग खातं. इंजिन पुढे-मागे सरकलं की चाकांकडे जाणारा शाफ्ट लहान-मोठा करावा लागतो. जुना रेडिएटर नव्या इंजिनाला थंड ठेवू शकत नाही. आणि सगळ्यात किचकट म्हणजे वायरिंग. आजची इंजिनं कॉम्प्युटरवर चालतात. तो कॉम्प्युटर, त्याचे सेन्सर, त्याची चावी हे सगळं सोबत आणलं नाही तर इंजिन नुसतं लोखंड!

हे सगळं जमलं तरी एक गोष्ट राहतेच. ताकद वाढली की गाडी पळते. पण थांबवायचं काम जुन्याच ड्रम ब्रेकने करायचं असतं. जुना अ‍ॅक्सल, जुनं स्टिअरिंग, जुने पाटे हे सगळं सत्तरेक अश्वशक्तीच्या हिशेबाने बनलेलं असतं. म्हणून जाणकार मिस्त्री आधी ब्रेक विचारतो, मग इंजिन. तुमच्या घरातली यादी इंजिनापासून सुरू होत असेल आणि ब्रेकचं नाव शेवटीही नसेल, तर तिथेच थांबवा.

आता येते कागदाकडे. आणि इथेच मला बायकांशी विशेष बोलायचं आहे.

आपल्या मोटार वाहन कायद्याचं, म्हणजे 1988 च्या कायद्याचं, कलम 52 असं सांगतं की कंपनीने गाडी जशी बनवली तिच्या आरसीवरच्या नोंदींशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरी अशा वेगळ्या इंधनासाठी मंजूर किट बसवायला कायद्यात वाट ठेवली आहे, पण तीही अटींसकट. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं असेल तरी आरटीओची आधी परवानगी आणि नंतर 14 दिवसांच्या आत आरसीवर नोंद, हा साधा रस्ता आहे. नाहीतर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे गाडीत बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

व्हिडिओतल्या माणसाचं राज्य वेगळं, कायदा वेगळा. तिथेसुद्धा सगळं मोकळं नाही. कॅलिफोर्नियात 1975 नंतरच्या गाडीत इंजिन बदललं तर ते गाडीच्या वर्षाचं किंवा त्याहून नवं लागतं आणि सरकारी तपासनीसाला दाखवावं लागतं. पण व्हिडिओत तेवढा भाग कोण दाखवतो!

‘आपली जीप पन्नास वर्षांची आहे, तिला विंटेज नंबर घेऊ’ असंही काहीजण म्हणतात. 2021 साली केंद्राने तसे नियम केले आहेत हे खरं. पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. म्हणजे नवं इंजिन टाकलं त्याच दिवशी ही वाट बंद. आणि विंटेज गाडी रोज वापरता येत नाही, धंद्याला तर नाहीच. दोन्ही लाडू एकाच हातात धरता येत नाहीत.

हे सगळं मी का सांगत्येय? कारण कागद चुकला की भोगावं लागतं घराला, आणि घर चालवतो आपण.

बचत गटाच्या कामामुळे अनेक घरांत माझं जाणं-येणं असतं. एका घरात एक जीप दोन वर्षं निळ्या ताडपत्रीखाली उभी आहे. सासरे वारले त्याला नऊ वर्षं झाली, आरसी अजून त्यांच्याच नावावर. मुलाने मित्राच्या मदतीने भंगारातून इंजिन आणलं, बसवलं, गाडी सुरूही झाली. सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग पासिंगची वेळ आली. इंजिन नंबर आरसीशी जुळेना, मालक हयात नाही, इंजिन आणलं त्याची पावती नाही. गाडी तिथेच अडली. आणि पैसे कुठून आले होते? सासूबाईंच्या एफडीतून. सासरे गेल्यावर मिळालेल्या पैशांची ती ठेव होती. मुदत संपण्याआधी मोडली. त्या आजी मला म्हणाल्या, ‘मला विचारलं गं, पण अशा वेळी विचारलं की नाही म्हणायची सोय नव्हती.’ हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

बघा, या घरात कुणी वाईट नव्हतं. मुलाला वडिलांची आठवण जपायची होती. हौस खरी होती. पण ती जीप कुणाची होती, हे कुणी विचारलंच नाही.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर माणूस गेल्यावर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. जीपसुद्धा त्यात आली. मालक गेला की 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत गाडी वारसाच्या नावावर करायचा अर्ज द्यायचा, असा नियम आहे. एकाच्या नावावर करायची तर बाकीच्या वारसांची संमती लागते. आपल्या घरांत ही संमती कशी घेतात ते ठाऊक आहे ना? माहेरी आलेल्या लेकीसमोर जेवता जेवता कागद सरकवतात, ‘ताई, जरा इथे सही कर.’ ताई चष्मा शोधेपर्यंत कागद घडी होऊन खिशात गेलेला असतो! भावाला जीप देण्याविषयी माझं काही म्हणणं नाही. हौसेने द्यावी. पण सही करताना वाचून करावी, आणि कशावर केली त्याची झेरॉक्स आपल्या पिशवीत असावी.

‘बायकांना गाडीतलं काय कळतंय?’ असं कुणी म्हणेल. मी विचारते, घरात फरशी बसवायची असते तेव्हा आपल्याला गवंडीकाम येतं का? तरी चार दुकानं फिरून दर काढतो, उतार न्हाणीकडे आहे का ते पाणी ओतून बघतो. तेवढं गाडीलाही पुरतं. वहीचं एक पान घ्या आणि चार प्रश्न विचारा. आरसी कुणाच्या नावावर आहे आणि मुदत कधी संपते? येणारं इंजिन कुणाकडून येतंय, त्याची पावती आणि मूळ गाडीचे कागद आहेत का? आरटीओची लेखी परवानगी आणि विमा कंपनीला कळवल्याची पोच कुठे आहे? आणि एकूण खर्च किती ठरवला, त्यातला कुठला पैसा कुणाच्या ठेवीतला? पावती नसलेलं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस अंगणात येतात, हे लक्षात असू द्या. विम्याचंही तसंच. न कळवता केलेल्या बदलाचं कारण पुढे करून नुकसानभरपाई नाकारली जाऊ शकते.

दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणीही मला ठाऊक आहेत. त्या म्हणतात, ‘कशाला ते लफडं, भंगारात द्या आणि अंगण मोकळं करा.’ मला तेही पटत नाही. जुनी वस्तू नीट करून वापरणं हे आपल्या हाडीमाशी आहे. गोधडी शिवणाऱ्या आपण! आणि मुलगा व्यसनापायी बाहेर असण्यापेक्षा अंगणात हात काळे करून बसला आहे, हे मला शंभरदा बरं वाटतं. म्हणून विरोध नको, आणि गप्प बसणंही नको. माझं साधं मत असं आहे की आपल्याकडच्या कायद्यात नव्या इंजिनाच्या मागे लागण्याआधी जीपचं आहे तेच इंजिन उतरवून दुरुस्त करावं. बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडचं काम करून घ्यावं. इंजिनाचा नंबर तोच राहतो, आरसीशी भांडण होत नाही, आणि शिकायला तेवढंच मिळतं. वेग कमी मिळेल, पण गाडी रस्त्यावर येईल. अर्थात ब्रेक आधी! आणि वीस वर्षांहून जुन्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून दहा हजार झाली आहे, शिवाय पर्यावरण कर असतो, तोही वहीत आधी लिहावा.

आता एक गोष्ट, जी कुठलाच मिस्त्री आपल्याला सांगत नाही. काम अंगणात चालतं म्हणजे लहान मुलं, म्हातारी माणसं, धुणं, वाळवण सगळं त्याच हवेत असतं. जुन्या गाडीच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ हवा मारून उडवायची नाही, ओली करून पुसायची. ते कपडे घरच्या धुण्यात झटकायचे नाहीत. 1965 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या घरातल्या, त्यांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग झाल्याचं आढळलं होतं. धुणं कोण धुतं, हे मी सांगायला नको. जुन्या रंगात शिसं असतं, तो घासताना लहान मुलांना तिथून लांब ठेवा. रेडिएटरचं हिरवं पाणी चवीला गोड आणि विषारी असतं, ते उघड्या भांड्यात ठेवू नका. रिकाम्या दिसणाऱ्या पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंग करू देऊ नका, आतल्या वाफेचा स्फोट होतो. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणाला जाऊ देऊ नका, खाली भक्कम स्टँड हवेतच. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. आणि काळं ऑइल विहिरीकडे, गटारीकडे नको. अधिकृतपणे घेणाऱ्याकडेच द्या. हे नियम लिहून शेडच्या दारावर चिकटवायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि शेवटी मुलींविषयी. घरात गाडी उघडली की मुलाला ‘ये, पाना धर’ म्हणतात, मुलीला ‘जा, बॅटरीचा उजेड धर’. उजेड धरणारीलाही दिसत असतंच ना! 1974 साली टेल्कोच्या, म्हणजे पुढे टाटा मोटर्स झालेल्या कंपनीच्या जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला, आणि त्या कंपनीच्या कारखान्यात काम करणाऱ्या पहिल्या महिला इंजिनिअर ठरल्या. आज आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक आणि डिझेल मेकॅनिकचे वर्ग मुलींनाही खुले आहेत. पण आयटीआयच्या दारापर्यंत मुलगी पोचायची तर आधी तिच्या हाताला घरच्या अंगणात पान्याची सवय व्हायला हवी. माझ्या ओळखीच्या एका घरात दहावीतली मुलगी कार्ब्युरेटर उघडून, पेट्रोलने धुऊन, वहीत काढलेल्या आकृतीप्रमाणे परत जोडते. आई शेजारी हिशेबाची वही घेऊन बसते. बाबा विचारतात, ‘आज किती झाले गं?’ आणि आई आकडा सांगते. त्या घरात जीप अजून पूर्ण झालेली नाही, पण कुणाची ठेव मोडलेली नाही.

म्हणून पुढच्या वेळी अंगणात ताडपत्री पडली आणि चहाची हाक आली, तर चहा जरूर करा. पण कपांसोबत वही-पेन आणि आरसी बुकही ट्रेमध्ये घेऊन जा. खुर्ची ओढून बसा. सगळ्यांसमोर विचारा, ‘हिचे कागद कुणाच्या नावावर आहेत?’ पहिल्या दिवशी मंडळी हसतील. दुसऱ्या दिवशी कुणीतरी कपाट उघडून कागद शोधायला लागेल.